एका वर्षाची दोन नावे

इसवी सन १३३९ या वर्षाला जपानमध्ये दोन नावे होती. क्योतोच्या दरबारी ते 'र्‍याकुओ'चे दुसरे वर्ष होते, तर दक्षिणेकडे योशिनोच्या डोंगरात बसलेल्या दरबारी 'एंगेन'चे चौथे. कागदावर तारीख घालणाऱ्या साध्या कारकुनालाही आपण कोणत्या सम्राटाचे, हे त्या एका शब्दात सांगून टाकावे लागे. १३३६ ते १३९२ या काळाला जपानी इतिहासात 'नाम्बोकुचो', म्हणजे दक्षिण व उत्तर दरबारांचा काळ, म्हणतात. त्याच १३३९ च्या शरद ऋतूत, दोन्ही दरबारांपासून दूर, पूर्वेच्या हिताची प्रांतातील ओदा किल्ल्यात किताबाताके चिकाफुसा या दरबारी सरदाराने 'जिन्नो शोतोकी' हा ग्रंथ लिहिला. देवांपासून चालत आलेल्या सम्राटवंशाचा खरा वारसा कोणाकडे, हा त्याचा विषय. उत्तर अर्थातच ठरलेले: योशिनोकडे.

पॉल व्हार्लींचे इंग्रजी भाषांतर मी प्रथम हाती घेतले तेव्हा थोड्याच पानांत मिटून ठेवले होते. सुरुवातीला जंबुद्वीप आणि सुमेरू पर्वत भेटले म्हणून कुतूहल वाटले. पण पुढे लगेच शेरा आला की भारतात महासम्मत राजाचा वंश मोडला आणि हलक्या कुळातले बलवानही गादीवर बसू लागले, जपानात मात्र वंश अखंड राहिला. ही प्रचारपुस्तिका आहे, असे म्हणून मी मोकळा झालो. तो निकाल उतावळा होता. ग्रंथाचे खरे बळ उत्तरार्धात आहे, आणि तिथे लेखक स्वतःच्याच पक्षाला सोडत नाही.

त्याची परिस्थिती आधी पाहू. सम्राट गो-दाइगोने १३३३ मध्ये कामाकुराची लष्करी राजवट संपवली आणि सत्ता स्वतःच्या हाती घेतली. नव्या कालखंडाला 'केम्मु' हे नाव दिले, तेही चीनमध्ये हान घराण्याची पुनःस्थापना करणाऱ्या सम्राटाच्या कालनामावरून. तीन वर्षांत सगळे कोसळले. ज्याला त्याने डोक्यावर घेतले होते तो आशिकागा ताकाउजीच उलटला, त्याने क्योतोत दुसरा सम्राट बसवला आणि गो-दाइगो योशिनोला पळाला. चिकाफुसा १३३८ मध्ये पूर्वेत सैन्य उभे करायला समुद्रमार्गे निघाला, तेव्हा वादळाने तांड्याची दाणादाण केली. तो हिताचीला लागला. ग्रंथाच्या शेवटी तो सांगतो की लिहिताना जवळ एक त्रोटक वंशावळ तेवढी होती.

अशा माणसाने राजनिष्ठेची आरती ओवाळली असती तर नवल नव्हते. पण १२२१ च्या युद्धाकडे, निवृत्त सम्राट गो-तोबाने कामाकुराविरुद्ध पुकारलेल्या आणि हरलेल्या लढाईकडे, तो येतो तेव्हा दोष सम्राटाला देतो. लष्करी राजवटीने लोकांना स्वास्थ्य दिले होते. तिच्याहून चांगले राज्य करण्याची तयारी नसताना ती उलथू पाहणे चूक होते, असा त्याचा युक्तिवाद आहे. ज्या होजो घराण्याला त्याच्या धन्याने धुळीस मिळवले, त्यातल्याच यासुतोकीच्या कारभाराची तो मोकळ्या मनाने स्तुती करतो. आरसा, रत्न आणि तलवार ही तीन राजचिन्हे त्याच्या लेखी वारशाचा पुरावा आहेतच, पण त्यांचे अर्थही तो लावतो: सचोटी, करुणा, निर्णयशक्ती. म्हणजे राजचिन्हे हाती असणे पुरेसे नाही.

मला सर्वांत जिवंत वाटतो तो बक्षिसांचा भाग. लढलेला प्रत्येक जण एकेक प्रांत मागू लागला तर सहासष्ट माणसांतच देश संपेल, आणि एकेक जिल्हा म्हटले तरी जिल्हे ५९४ च आहेत, असा हिशेब तो मांडतो. प्रजाजनाने मोबदल्याविना मरावे, असे बजावतो. ताकाउजीने असे काय केले होते की त्याला एवढे वर चढवावे, हा त्याचा प्रश्न ताकाउजीपेक्षा गो-दाइगोलाच जास्त झोंबणारा आहे. गंमत अशी की याच काळात तो शिराकावाच्या युकी चिकातोमोला मदतीसाठी पत्रांमागून पत्रे धाडत होता. चिकातोमो वर्षानुवर्षे ताटकळत ठेवत राहिला आणि १३४३ मध्ये आशिकागांना मिळाला. किल्ल्यातून केलेला तो हिशेब कुणाला उद्देशून होता, हे ओळखणे कठीण नाही.

ही बाजू पुढच्या वाचकांनी झाकली. १९११ मध्ये शालेय पुस्तकात दोन्ही दरबार शेजारी शेजारी ठेवल्यावरून गदारोळ झाला, लेखक किता सादाकिची यांना निलंबित केले गेले आणि दक्षिण दरबार हाच खरा ठरला. त्या वेळचा सम्राट मेइजी उत्तर दरबाराच्या वंशातला होता, ही अडचण कुणी फारशी मनावर घेतली नाही. चिकाफुसाचे नाव तेव्हा निष्ठेचा झेंडा झाले होते. त्याच्या टीकेची पाने त्या झेंड्यात बसत नव्हती.

ती टीका घरातही होती. त्याचा मुलगा आकिइए जेमतेम विशीतला सेनापती. १३३८ मध्ये इशिझुच्या लढाईत पडण्यापूर्वी सात दिवस त्याने गो-दाइगोला एक लेखी विनंती पाठवली: कर कमी करा, डामडौल आवरा, अपात्रांना पदे वाटू नका. त्या कागदाचा आरंभ आज हरवला आहे. उरलेला भाग वाचताना बापाच्या ग्रंथातलेच आक्षेप पुन्हा दिसतात, फक्त अधिक उघडे. बापाने मात्र त्या कागदाबद्दल ग्रंथात लिहिलेले नाही. मुलाच्या मृत्यूला त्याने मोजकी वाक्ये दिली, वेळ आलेली नव्हती असे म्हटले, मागे नाव तेवढे राहिले असे म्हटले, आणि पुढे सरकला.