अभयारण्याची यादी वाचताना

अभयारण्याचे माहितीपत्रक उघडले, की शेवटच्या पानावर बहुधा प्राण्यांची यादी सापडते. आधी सस्तन प्राणी, मग पक्षी आणि तळाशी उरलेल्या जागेत ‘सरपटणारे व उभयचर प्राणी’. शिक्षक ती फळ्यावर उतरवतात, विद्यार्थी वहीत. यादीत जेवढ्या जाती, तेवढ्याच रानात, असे सगळेच धरून चालतात. आमची तक्रार ह्या समजुतीविषयी आहे आणि ती करून देणाऱ्या याद्यांविषयीही.

उदाहरण कोयनेचे घेऊ. सातारा जिल्ह्यातले हे अभयारण्य १९८५ साली घोषित झाले आणि २०१० पासून चांदोली राष्ट्रीय उद्यानासह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. येथील एका भेकाला (खरबरीत कातडीच्या बेडकांना आपण भेक म्हणतो) १९६३ मध्ये पी. डब्ल्यू. सोमण यांनी ‘ब्यूफो कोयनाएन्सिस’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी ॲलिस ग्रँडिसन आणि जे. सी. डॅनिएल यांनी कोयनेतूनच ‘ब्यूफो सल्फ्यूरियस’, म्हणजे गंधकी रंगाचा भेक, ही नवी जाती म्हणून प्रसिद्ध केली. प्राणी मात्र एकच होता. आधी दिलेले नाव ग्राह्य, ह्या नियमाने सोमणांचे नाव टिकले. २००९ मध्ये बिजू आणि सहकाऱ्यांनी ह्या भेकासाठी ‘झँथोफ्राइनी’ ही स्वतंत्र प्रजाती केली. त्या शब्दातही पिवळेपणा आहेच. आता एखाद्याने तीन काळांतली तीन पुस्तके समोर ठेवून यादी केली तर ह्या एका भेकाचे तीन भेक होतील. हे काल्पनिक नाही. आमच्या संग्रहातल्या एका यादीत आपल्या अंगणातला साधा भेक ‘ब्यूफो मेलॅनोस्टिक्टस’ म्हणून एकदा आणि ‘डुट्टाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस’ म्हणून पुन्हा आला आहे. बेरीज अर्थातच एकाने वाढलेली!

फुगलेली बेरीज निदान तपासता येते. जे यादीत आलेच नाही त्याचे काय? २००४ मध्ये कोयना परिसरातील हुंबरळीहून ‘इंडोटायफ्लस महाराष्ट्राएन्सिस’ ह्या देवगांडुळाचे वर्णन झाले. देवगांडूळ हा गांडुळासारखा दिसणारा, पाय नसलेला उभयचर आहे, पण त्याला पाठीचा कणा असतो. तो ओल्या मातीत राहतो; शोधायचा तर कुदळ घेऊन माती उकरावी लागते. पायवाटेने चालत, दुर्बीण गळ्यात अडकवून केलेल्या पाहणीत तो शंभर वर्षेही दिसणार नाही. त्याच हुंबरळीहून २०१९ मध्ये ‘निमास्पिस कोयनाएन्सिस’ ही छोटी पाल विज्ञानाला ठाऊक झाली. अभयारण्य घोषित होऊन तेव्हा चौतीस वर्षे झाली होती. दोन्ही शोध एकाच गावच्या नावावर आहेत, हेही लक्षात घ्यावे. जेथे मोटार पोचते आणि मुक्कामाची सोय होते, तेथली यादी लांबते. पलीकडच्या डोंगराची यादी आखूड असेल, तर तो दोष डोंगराचा नसावा.

ऋतूची गोष्ट तर शाळांना थेट लागू पडते. कोयनेच्या भेकाचा सख्खा नातेवाईक, अंबोलीचा भेक, जांभ्याच्या सड्यावरील उथळ खळग्यांत अंडी घालतो आणि तीही पहिल्या सरी कोसळताच. आपल्या सहली निघतात डिसेंबरात. तेव्हा सडा कोरडा ठणठणीत असतो आणि मुले ‘बेडूक आढळले नाहीत’ असे लिहून मोकळी होतात. साप आणि बेडूक एका मथळ्याखाली कोंबण्याची जुनी सवय येथे नडते. बूलेंजरच्या १८९० च्या ग्रंथातही दोघे एकाच खंडात आहेत. तेथे ते चालले, कारण वर्णन बाटलीतल्या नमुन्यांचे होते. रानात मात्र खवल्यांच्या सापाचा दिनक्रम निराळा आणि ओलसर कातडीतूनही श्वास घेणाऱ्या बेडकाचा निराळा. दोघांसाठी एकच पाहणी पुरत नाही.

हा केवळ काटेकोरपणाचा हट्ट नव्हे. अभयारण्याच्या कडेला रस्ता रुंद करायचा किंवा खाण काढायची असे ठरते, तेव्हा हीच यादी पुढे येते. ‘येथे विशेष काही नोंदलेले नाही’ हे वाक्य लिहिणे फार सोपे असते. नोंदलेले नाही, कारण शोधलेले नाही, असे त्याच कागदावर कोणी लिहीत नाही. लिहिणार तरी कसे? किती जणांनी, कोणत्या महिन्यात, दिवसा की रात्री, किती तास शोधले, ह्याचा रकानाच यादीत नसतो.

तो रकाना शाळेच्या वहीत मात्र घालता येतो. चार मुलांनी तीन तास शोधले तर बारा तासांचे श्रम झाले. तारीख, वेळ, पाऊस होता की नाही आणि जागा नेमकी कोणती, एवढे शेजारी लिहावे. एकही बेडूक दिसला नाही तरी ते पान फाडू नये. प्राणी हाताळायचा नाही आणि दगड उलथला तर तसाच परत ठेवायचा, हे सांगायला नकोच. सापांच्या बाबतीत तर दगड उलथण्याचा उद्योग मुलांकडे देऊच नये. पुढच्या जूनमध्ये, पहिल्या सरीनंतर, परवानगी काढून शिक्षकांनी त्याच जागी पुन्हा जावे आणि डिसेंबरचे पान सोबत न्यावे.