लांब पट्टी, छोटी पट्टी

स्क्रीनचे दोन भाग. डावीकडे विंडोज १०, उजवीकडे विंडोज ११. दोन्हीकडे तीच गाडी त्याच रस्त्यावरून पळतेय, कोपऱ्यात हिरवे आकडे फडफडतायत, मागे कान किटवणारं संगीत. शेवटी दोन पट्ट्या येतात आणि उजवीकडची चार-पाच फ्रेम्सनी लांब निघते. असा व्हिडिओ तुम्ही पाहिला नसेल असं होणार नाही. माझ्या मामेभावाने मला तो गेल्या ऑक्टोबरात पाठवला. खाली एकच ओळ होती : ‘दादा, अकरा टाकू का?’

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला, त्या आठवड्यातली ही गोष्ट. मी बसमध्ये उभा होतो. पट्टी बघितली आणि लिहिलं, ‘टाक की.’

त्याचा पीसी म्हणजे सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, जीटीएक्स १०५० टीआय, आठ जीबी रॅम आणि जुनी हार्डडिस्क. घरात हा एकच, बहिणीचं कॉलेजचं कामही त्यावरच. हा प्रोसेसर अकराच्या अधिकृत यादीत नाही, हे मी तपासलंच नव्हतं. त्याने दुसरा एक व्हिडिओ बघून ती अट बगल देऊन ओलांडली आणि अकरा टाकलं. मग रात्री मित्रांसोबत खेळायचा तो ऑनलाइन गेम उघडेचना. अकरावर तो टीपीएम आणि सिक्युअर बूट मागत होता, दहावर त्याने कधी विचारलंही नव्हतं. बायॉसमध्ये टीपीएम बंद, डिस्क जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली. दोन रात्री फोनवर खटपट करून शेवटी तो दहावर परत आला. बहिणीच्या प्रोजेक्टचं फोल्डर पेनड्राइव्हवर होतं म्हणून वाचलं. यात व्हिडिओवाल्याची चूक नव्हती, त्याची पट्टी कदाचित खरीही असेल. चूक माझी होती. एका पट्टीकडून मी असं उत्तर घेतलं, जे तिच्यात नव्हतंच.

म्हणून या पट्ट्यांकडे एक लेखनप्रकार म्हणून बघावंसं वाटतं. पुस्तकाचं परीक्षण असतं, सिनेमाचं असतं, तसा ‘जुनं विरुद्ध नवं विंडोज’ हाही आता पंचवीसएक वर्षं चाललेला समीक्षेचा प्रकार आहे. त्याच्या सवयी ठरलेल्या आहेत, आणि आंधळी जागाही.

पहिली सवय मशीनची. परीक्षणवाले सगळ्यात महागडं ग्राफिक्स कार्ड लावतात. यामागे दिखावा कमी आणि तांत्रिक कारण जास्त आहे. कार्ड कमजोर असेल तर सगळा वेळ चित्र रंगवण्यातच जातो, मग खाली कोणतं विंडोज आहे याने आकडा फारसा हलत नाही. फरक दिसावा म्हणून कार्ड तगडं हवं. पण याचाच दुसरा अर्थ असा, की १०५० टीआयवर तो फरक बहुतेक दिसणारच नाही. मामेभावाला दाखवलेली पट्टी त्याच्या घरात अस्तित्वातच नव्हती.

दुसरी सवय विसरण्याची. ‘जुनं विंडोज गेमिंगला फास्ट होतं’ हे वाक्य दर वेळी नव्याने सापडल्यासारखं लिहिलं जातं. त्याचा सर्वात गाजलेला प्रयोग २००७ चा. एक्सपी २००१ मध्ये आलं होतं आणि सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा बाजारात आलं, आणि त्याच कार्डावर तेच गेम कमी फ्रेम्स देऊ लागले. आमच्या नेट कॅफेच्या काकांनी तर ‘व्हिस्टा असलेला पीसी फुकट दिला तरी नको’ असं जाहीर केलं होतं. काउंटर-स्ट्राइक १.६ साठी ताशी पैसे मोजणाऱ्या आम्हा पोरांना ते पटलंही होतं.

काका चुकीचे नव्हते. पण व्हिस्टात झालं काय होतं? ग्राफिक्स ड्रायव्हर कसा लिहायचा याचे नियमच बदलले होते. ड्रायव्हरचा मोठा भाग सिस्टमच्या गाभ्यातून बाहेर काढला गेला. कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांचे नवे ड्रायव्हर कच्चे होते. पुढे एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रं उघड झाली, त्यांत २००७ मध्ये नोंदवलेल्या व्हिस्टा क्रॅशेसपैकी सुमारे २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या नावावर होते. म्हणजे पट्टीवर ‘व्हिस्टा’ लिहिलेलं असलं तरी मोजला जात होता बराचसा ड्रायव्हरचा बाळपणीचा काळ.

आणि मोजलं काय गेलं नाही? एक्सपीवर ग्राफिक्स ड्रायव्हर अडकला की बहुधा निळी स्क्रीन यायची आणि मशीन रीस्टार्ट. व्हिस्टाने त्या जागी दुसरी सोय आणली. स्क्रीन क्षणभर काळी होते, ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, कोपऱ्यात तशी सूचना येते. गेम जातो, पण बाकीचं काम शाबूत राहतं. याची पट्टी कोणी काढली नाही. उलट बाजूचीही नाही. व्हिस्टाने डायरेक्टसाउंडचा हार्डवेअरकडे जाणारा रस्ता बंद केला, त्यामुळे साउंड ब्लास्टरसारख्या कार्डांवर जुन्या गेम्समध्ये मागून येणारी पावलं ज्या इफेक्ट्समुळे नेमकी ऐकू यायची, ते गळाले. क्रिएटिव्हला त्यासाठी अ‍ॅल्केमी नावाचं वेगळं सॉफ्टवेअर काढावं लागलं. कोपऱ्यामागे कोण उभं आहे हे कानांनी ओळखून खेळणाऱ्याला पाच फ्रेम्सपेक्षा ही हानी मोठी होती.

दरम्यान कंपनीची बाजूही तपासायला हवी होती. डायरेक्टएक्स १० फक्त व्हिस्टावर, हॅलो २ पीसीवर फक्त व्हिस्टासाठी. त्याच वर्षीच्या क्रायसिसमध्ये ग्राफिक्सची सर्वोच्च पातळी एक्सपीवर निवडताच येत नव्हती. खेळणाऱ्यांनी कॉन्फिग फाइलमध्ये फेरफार केले आणि ती पातळी बऱ्याच अंशी एक्सपीवर चालू करून दाखवली. फ्रेम्स मोजणाऱ्या दहा परीक्षणांपेक्षा मला ही एक फाइल मोठी समीक्षा वाटते. ‘जुन्यावर होऊ शकत नाही’ आणि ‘जुन्यावर करायचं नाही’ यांतला फरक तिने दाखवला. तोच फरक २०१९ मध्ये उलट्या बाजूने दिसला. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टसाठी मायक्रोसॉफ्टने डायरेक्टएक्स १२ चक्क विंडोज ७ वर आणून दिलं.

ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ आलं आणि सगळे खूश. पण ड्रायव्हरची ती नवी रचना सातने फेकून दिली नव्हती, थोडी सुधारून चालू ठेवली होती. पावणेतीन वर्षांत ड्रायव्हर पिकले होते, रॅम स्वस्त झाली होती. व्हिस्टाचा दोष आणि सातचा गुण म्हणून आपण जे सांगत आलो, त्यातलं बरंच काही निव्वळ कॅलेंडर होतं.

आता तिसरी सवय, सरासरीची. एका सेकंदात ५४ फ्रेम्स सुरळीत, प्रत्येकी साधारण १६.७ मिलिसेकंदांत आल्या आणि एक फ्रेम १०० मिलिसेकंद अडकली, तर पट्टी सांगते ५५ एफपीएस. छानच की! पण नेमबाजीच्या गेममध्ये त्या एका अडकलेल्या फ्रेममध्येच तुम्ही मेलेले असता. टेक रिपोर्ट या संकेतस्थळावर स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये हे ठासून मांडलं : सेकंदात फ्रेम्स किती हे मोजू नका, प्रत्येक फ्रेमला वेळ किती लागला ते बघा. आज ‘वन पर्सेंट लो’ म्हणून जो आकडा दिसतो तो याच विचाराचा वारस. तरीही तक्त्यात ठळक असते ती सरासरीच.

आणि जुन्या-नव्या विंडोजचा फरक साध्या मशीनवर बहुधा या अडकण्यातच असतो. मागे अपडेट उतरतंय, अँटिव्हायरस फाइली चाळतोय, आठ जीबी रॅम भरली म्हणून सिस्टम हार्डडिस्क खरवडतेय. परीक्षणाच्या टेबलावर मात्र ताजं इन्स्टॉलेशन, भरपूर रॅम, वेगवान एसएसडी. शास्त्रशुद्ध चाचणीसाठी ते बरोबरच आहे. फक्त आपल्याला जे भोगायचंय तेवढंच त्यातून नेमकं पुसलं जातं.

विंडोज ११ च्या बाबतीत तर दोन प्रामाणिक माणसांच्या पट्ट्याही जुळत नाहीत. मेमरी इंटिग्रिटी नावाची सुरक्षा नव्या पीसीत बहुधा चालूच येते, दहावरून अपग्रेड केलेल्यात बऱ्याचदा बंद राहते. तिचा गेम्सच्या वेगावर परिणाम होऊ शकतो, हे मायक्रोसॉफ्टनेच २०२२ मध्ये मान्य केलं आणि खेळताना ती बंद कशी करायची तेही सांगितलं. अर्थात बंद केली तर सुरक्षा कमी होते. हा सौदा पट्टीवर कसा लिहिणार? तारखेचंही तसंच. ऑक्टोबर २०२१ मध्ये अकरा आलं तेव्हा एएमडीच्या रायझन प्रोसेसरची कॅशे मंदावली. एएमडीच्या म्हणण्यानुसार काही ई-स्पोर्ट्स गेम्समध्ये १० ते १५ टक्क्यांपर्यंत फटका होता. त्याच महिन्यात दुरुस्ती आली. त्या दोन-तीन आठवड्यांतले व्हिडिओ अजून यूट्यूबवर आहेत आणि कोणीतरी आजही ते बघून ठरवत असेल. ड्रायव्हरची आवृत्ती, बिल्ड क्रमांक आणि तारीख न देणारा तक्ता म्हणजे प्रकाशनवर्ष नसलेलं पुस्तक.

नव्याची बाजूही आहे. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून प्रोसेसरमध्ये मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर येतात, त्यांना काम वाटून देणं अकराला दहापेक्षा चांगलं जमतं. तुमचं मशीन तसं असेल तर पुढचा विचार करू नका, अकराच ठेवा.

मात्र जुनी विंडोज फ्रेम्समध्ये हरून जात नाहीत. एक्सपी कोणत्याही तक्त्यात पराभूत झालं म्हणून संपलं नाही. स्टीमने १ जानेवारी २०१९ ला एक्सपी आणि व्हिस्टाचं दार बंद केलं, १ जानेवारी २०२४ ला सातचं. ज्या दिवशी दार बंद झालं त्याच्या आदल्या रात्रीही सात तेवढ्याच फ्रेम्स देत होतं. ड्रायव्हर थांबतात, दुकान थांबतं, चीटविरोधी प्रणाली नवी अट घालते, आणि चांगलं चालणारं मशीन एका सकाळी ‘जुनं’ होतं. मामेभावाचा खरा प्रश्न हा होता. आपल्या पीसीसाठी दारं किती दिवस उघडी आहेत, हे त्याला हवं होतं आणि मी त्याला पट्टीची लांबी सांगितली.

त्याने आता दहावरच सुरक्षेच्या वाढीव अपडेट्ससाठी नाव नोंदवलंय, ते ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. हार्डडिस्क काढून एसएसडी घातली, गेम अडकणं जवळजवळ थांबलं. परवा पुन्हा मेसेज आला. व्हिडिओ नव्हता, नुसतंच : ‘दादा, रॅम आठची सोळा करू का?’ या वेळी मी आधी त्याला टास्क मॅनेजरचा फोटो मागितला.