भटक्यांची आत्मकथने आणि दुभाषी मूल

लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) या दोन्ही आत्मकथनांना साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. त्यांची समीक्षा प्रामुख्याने भूक, जात, गुन्हेगारीचा शिक्का आणि भटकंती या सूत्रांभोवती फिरली. भाषेचा विचार झाला, तो बहुधा बोलीच्या अस्सलपणापुरताच. घरची भाषा आणि व्यवहाराची भाषा यांच्या मधोमध उभ्या राहिलेल्या शिकत्या मुलाकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही.

ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडाने (१९०६) कैकाडी बोलीची नोंद तमिळच्या बोलींमध्ये केली आहे. 'उपरा'तील कैकाडी कुटुंब टोपल्या विणत, गाढवांवर बिऱ्हाड लादून मराठी मुलखात फिरते. अशा घरातील शाळेची पायरी चढलेले मूल केवळ पहिले साक्षर ठरत नाही. बाहेरच्या जगाचा अर्थ घराला लावून देण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते. या दृष्टीने पाहता 'उपरा' हे संपूर्ण पुस्तकच मोठ्या झालेल्या दुभाष्याचे भाषांतर ठरते. फरक एवढाच, की आता श्रोता मराठी वाचक आहे.

झुंपा लाहिरी यांच्या 'इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज' या कथेतील कपासी डॉक्टरांकडे गुजराती रुग्णांचे दुखणे समजावून सांगतो. पण तो प्रौढ आहे आणि या कामाचा त्याला पगार मिळतो. मुलाला दोन्ही सवलती नाहीत. मार्जोरी ओरेलाना यांनी 'ट्रान्सलेटिंग चाइल्डहूड्स' (२००९) या ग्रंथात अमेरिकेतील स्थलांतरितांच्या मुलांच्या या कामाला श्रमाचा दर्जा दिला. त्यात कौशल्य आहे, तसाच भारही आहे. आईबापांचा अपमान प्रथम मुलालाच कळतो. तो जसाच्या तसा सांगावा की सौम्य करावा, हा निर्णयही त्यालाच घ्यावा लागतो.

हा प्रश्न केवळ ग्रंथांपुरता नाही. पलूस तालुक्यात कुंडलचा साखर कारखाना, किर्लोस्करवाडीचा उद्योग आणि द्राक्षबागा आहेत. अशा ठिकाणी परभाषक कुटुंब कामासाठी आले, तर दवाखान्यातील चिठ्ठी, शिधापत्रिका आणि उचलीचा हिशेब मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या तोंडूनच घरात पोचण्याची शक्यता अधिक असते. या मुलाला केवळ 'द्विभाषिक' म्हणून गौरविणे म्हणजे यंत्रणेची जबाबदारी बालकावर ढकलणे होय.

म्हणूनच भटक्यांच्या आत्मकथनांचे पुनर्वाचन करताना 'निवेदक काय सांगतो' याबरोबरच 'तो कोणासाठी, कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत सांगतो आणि सांगताना काय गाळतो' हेही विचारणे आवश्यक ठरते. बोलीचे कौतुक करणाऱ्या समीक्षेने भाषांतराचे ओझे वाहणाऱ्या मुलाची दखल घेतली नाही, तर तिचे वाचन अपुरेच राहील.