शासकीय क्लाउडमधील प्रवेशनियंत्रण : एका अमेरिकी चौकशी अहवालाची चिकित्सा

माहितीकडे जाणारी प्रत्येक विनंती तपासली गेली पाहिजे, तपासणारी यंत्रणा कोणास बिघडविता येऊ नये आणि तिची अचूकता पडताळता येईल इतकी ती आटोपशीर असावी, या प्रवेशनियंत्रणाच्या तीन अटी जेम्स अँडरसन यांनी १९७२ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी केलेल्या अहवालात मांडल्या. क्लाउडच्या विस्तारात तिसऱ्या अटीकडे सर्वाधिक दुर्लक्ष झाले. अमेरिकेच्या सायबर सेफ्टी रिव्ह्यू बोर्डाने एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

मे-जून २०२३ मध्ये चीनशी संबंधित 'स्टॉर्म-०५५८' या गटाने मायक्रोसॉफ्टच्या ई-मेल सेवेत घुसखोरी केली. २२ संस्था व ५०० हून अधिक व्यक्तींची खाती बाधित झाली. तत्कालीन वाणिज्यमंत्री जीना रायमोंडो त्यांपैकी एक होत्या. एकट्या परराष्ट्र खात्यातून सुमारे ६०,००० ई-मेल गेले.

वापरलेली स्वाक्षरी-किल्ली २०१६ मधील होती. ती २०२१ मध्येच बाद व्हावयास हवी होती. शिवाय ती वैयक्तिक ग्राहकांच्या खात्यांपुरतीच होती. तिने काढलेले टोकन शासकीय खात्यांनी नाकारणे अपेक्षित होते. तथापि २०१८ पासून दोन्ही वर्गांच्या किल्ल्यांची माहिती एकाच ठिकाणाहून पुरविली जाऊ लागली. किल्ली कोणत्या वर्गाची आहे हे सामायिक लायब्ररी तपासते, असे ई-मेल सेवेच्या विकसकांनी गृहीत धरले; प्रत्यक्षात ती तसे करीत नव्हती. सही खरी होती, सही करणाऱ्याचा अधिकार मात्र कोणी विचारला नाही. तलाठ्याची सही अस्सल आहे म्हणून तिने जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश वैध ठरत नाही, इतकी ही साधी बाब आहे.

किल्ली बाहेर कशी गेली हे कंपनीला अखेरपर्यंत सांगता आले नाही आणि त्याविषयीचे आपले चुकीचे जाहीर निवेदन तिने मार्च २०२४ पर्यंत दुरुस्त केले नाही, हे मंडळाने निर्भीडपणे नोंदविले आहे. अहवालाचा हा भाग सर्वांत भक्कम होय. मात्र दोषाचा मुख्य भार कंपनीच्या 'सुरक्षा-संस्कृती'वर टाकल्याने विवेचन काहीसे सैल होते. संस्कृती सुधारली तरी एकच नियम निरनिराळ्या सेवांत निरनिराळ्या संगणकीय आज्ञावलींनी तपासला जात असेल, तर विसंगती उरतेच.

ग्राहक म्हणून शासनाची जबाबदारीही अहवालात पुरेशी तपासलेली नाही. १५ जून २०२३ रोजी घुसखोरी प्रथम हेरली ती परराष्ट्र खात्याने, स्वतः तयार केलेल्या एका नियमाच्या आधारे. त्यासाठी लागणाऱ्या नोंदी त्या वेळी महागड्या परवान्यातच मिळत असत. तो न घेतलेल्या कार्यालयांस आपल्या टपालाला कोणी हात लावला हे पाहण्याचे साधनच नव्हते. जुलै २०२३ मध्ये या नोंदी सर्वांना देण्याची घोषणा झाली, ती घटनेनंतर. किल्ल्यांची विभागणी पाळली जाते की नाही, हे शासनाने खरेदीपूर्वी कोणत्या कसोटीवर पाहावे? या प्रश्नाला २५ शिफारशींत थेट उत्तर मिळत नाही. 'फेडरॅम्प' या शासकीय मान्यता-योजनेबाबत मंडळ विशेष फेरतपासणी सुचविते, पण तीही गंभीर प्रसंग उद्भवल्यानंतरची.

जानेवारी २०२५ मध्ये मंडळाच्या सदस्यांच्या नेमणुका रद्द करण्यात आल्या.