कचऱ्याच्या ढिगावरून दिसणारे भविष्य

सायबरपंक कादंबरीचा विषय पहिल्यापासून विषमताच होता. यंत्रे अफाट पुढे गेलेली, माणसे मात्र फुटपाथवरच, हे या प्रकाराचे मूळ चित्र. तरीही विल्यम गिब्सनची ‘न्यूरोमॅन्सर’ (१९८४) आज पुन्हा वाचताना खटकते. तिचा नायक केस हॅकर आहे. संगणकाच्या जाळ्यात शिरणे बंद झाले, हेच त्याचे दुःख. देह त्याच्या लेखी नुसते मांस. गिब्सनची भाषा अजूनही थक्क करते, पण कादंबरीतल्या चिबा शहराची गल्ली त्याच्याकडे देखावा म्हणून येते. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह वाचलेल्या मराठी वाचकाला फरक लगेच कळेल. ढसाळांच्या कवितेत वस्ती स्वतः बोलते.

नील स्टीफन्सनने ‘स्नो क्रॅश’मध्ये (१९९२) वर्गभेद थेट आभासी जगात नेला. त्याच्या मेटाव्हर्समध्ये पैसेवाल्याचे रूप रेखीव आणि रंगीत. सार्वजनिक यंत्रावरून आलेला माणूस मात्र कृष्णधवल, खरखरीत दिसतो. समोरच्याची ऐपत नजरेतच कळते. लॉरेन ब्यूकसच्या ‘मॉक्सीलँड’मध्ये (२००८) फोन हेच ओळखपत्र, तेच पाकीट आणि तोच पोलिसांचा दंडुका: गुन्हेगाराला त्यातूनच विजेचा झटका बसतो. सर्वांत कडक शिक्षा म्हणजे जोडणी तोडणे. कथा घडते केपटाऊनमध्ये. वर्णभेदाच्या काळात ओळखीच्या पासबुकाशिवाय कृष्णवर्णीयांना जिथे शहरात वावरता येत नसे, त्या देशात ही कल्पना कुणाला अचाट वाटणार?

मला सर्वांत मोलाची वाटते ती चेन चिउफानची ‘वेस्ट टाइड’ (चिनीत २०१३, केन लिऊ यांचा इंग्रजी अनुवाद २०१९). चेन मूळचा चीनमधल्या शांतौचा. जवळच्या गुइयू गावात जगभरचे भंगार संगणक आणि फोन येत. तारा जाळून तांबे काढायचे, सर्किट आम्लात बुडवून सोने, आणि प्लास्टिक कोणते हे ओळखायला तुकडा तापवून त्याचा वास घ्यायचा. तिथल्या मुलांच्या रक्तात शिसे वाढलेले आढळले. कादंबरीतले बेट या गावावरच बेतलेले आहे. तीन घराणी मालक. बाहेरून आलेले मजूर ‘कचरा-माणसे’. गिब्सनला यंत्र चालवणारा दिसला होता. ते मोडल्यावर कुणाच्या फुप्फुसात उतरते, हे चेनने दाखवले.

दुःख याचे की उत्तरार्धात त्याचा हात सुटतो. मिमी या मजूर मुलीला आधी अमानुष अत्याचार सोसावे लागतात आणि मग अलौकिक शक्ती मिळते. तिथून ढिगात बसून काम करणारी, घाबरणारी, घराकडे डोळे लावून बसणारी मिमी दिसेनाशी होते. अन्यायाशी लढायला एकच विलक्षण व्यक्ती लागते, ही हॅकर-नायकाच्या काळातली समजूत इतक्या जागरूक लेखकालाही सोडवली नाही. सायबरपंकमध्ये मजूर आला आहे, पण मजूर राहूनच नायक होणे त्याच्या वाट्याला अजून क्वचितच येते.