कुंपणाबाहेरचा क्रूस

लंडनच्या रॉयल बॅलेने एप्रिल २०१६ मध्ये आपला ‘जिझेल’चा प्रयोग थेट प्रक्षेपणाने चित्रपटगृहांत पोहोचविला. त्याचे मुद्रण पुढे शीवच्या एका चित्रपटगृहात पाहण्याचा योग आला.

हे नृत्यनाट्य १८४१ साली पॅरिसमध्ये प्रथम रंगमंचावर आले. वेष पालटून आलेल्या सरदारपुत्र आल्ब्रेख्टवर खेड्यातली जिझेल जीव लावते; फसवणूक उघड होताच तिला वेड लागते व ती मरण पावते. दुसरा अंक रानातल्या तिच्या कबरीपाशी घडतो. लग्नाआधीच निवर्तलेल्या तरुणींचे आत्मे, म्हणजे ‘विली’, तेथे पुरुषांना मरेपर्यंत नाचवितात.

पीटर राइट यांच्या या सादरीकरणात जिझेल तलवारीने स्वतःचा अंत करून घेते. तिची कबर रानात का, याचे उत्तर त्यातूनच मिळते. कॅथलिक प्रेक्षकाला येथे चटका बसतो. जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास १९१७ च्या धर्मसंहितेने ख्रिस्तमंडळाचा दफनविधी नाकारला होता. १९८३ च्या संहितेत आत्महत्येचा तो उल्लेख उरला नाही. कुंपणाबाहेरची कबर आपल्या वाडवडिलांना अपरिचित नव्हती.

आणि आल्ब्रेख्टला आसरा मिळतो तो त्याच कबरीवरच्या क्रुसापाशी. विलींच्या राणीची सत्ता तेथे थबकते. जिला पवित्र भूमी लाभली नाही, तीच अपराध्याला क्षमेची जागा दाखविते. परंतु राणी जिझेललाच नाचावयास लावते, आल्ब्रेख्ट तिच्या ओढीने क्रुसापासून दूर येतो, आणि पहाटेपर्यंत त्याला सावरण्याचे काम तिच्याकडेच येते.

पडद्याने काय दिले? मारियानेला नुन्येझ यांचा वेडाचा प्रवेश इतक्या जवळून नाट्यगृहाच्या मागच्या रांगेला कधीच दिसला नसता. विलींच्या रांगा एकमेकींतून पार होतात, तेव्हा मात्र नजरेत संपूर्ण रंगमंच हवा. कॅमेरा जवळ सरकला की ती रचना तुटते. शिवाय वजनहीन भासावयाच्या जिझेलचा श्वासही जवळून जाणवतो. नृत्याच्या दृष्टीने हा दोषच. मला तो खुपला नाही. क्षमा करणाऱ्यालाही धाप लागते, हे नाट्यगृहातल्या अंतराने झाकले असते. शीवच्या त्या पडद्यावर ते उघड दिसले.