खऱ्या झालेल्या स्वप्नाची किंमत
(विल्हेल्म मोबर्ग यांच्या चार कादंबऱ्यांविषयी)

परदेशी स्थायिक झालेल्या माणसांवरच्या कथा-कादंबऱ्या आपल्या वाचकांना आता नवीन नाहीत. त्यांतील पुष्कळ एका ठरलेल्या वाटेने जातात. माणूस मोठी आशा घेऊन निघतो, तिथे त्याचा भ्रमनिरास होतो आणि अखेरीस मायदेशाच्या आठवणीने त्याचे डोळे पाणावतात. स्वीडिश लेखक विल्हेल्म मोबर्ग (१८९८-१९७३) यांची १९४९ ते १९५९ या काळात प्रसिद्ध झालेली चार कादंबऱ्यांची मालिका ही वाट सोडते. येथे स्वप्न भंगत नाही, ते खरे होते; आणि मग त्याची किंमत कोणी मोजली, असा प्रश्न उभा राहतो.

कार्ल ऑस्कर आणि क्रिस्तिना हे स्मोलांड प्रांतातील शेतकरी जोडपे. शेतात मातीपेक्षा धोंडे अधिक आणि डोक्यावर कर्ज. उपासमारीच्या दिवसांत थोरली मुलगी भुकेपोटी जवाची लापशी अती खाऊन दगावते, तेव्हा इतके दिवस नको म्हणणारी क्रिस्तिना गाव सोडायला तयार होते. १८५० साली गलबतातून ते न्यूयॉर्कला उतरतात आणि मिनेसोटातील एका सरोवराकाठी जंगल तोडून घर उभारतात.

कार्ल ऑस्करने जे मागितले ते त्याला मिळते. काळी कसदार जमीन, मोठे घर, आणि कोणापुढे टोपी काढून उभे राहण्याची गरज नाही. क्रिस्तिनाने मात्र स्वतःसाठी काही मागितलेच नव्हते. तिचे मन गावातच राहते. तिच्यासाठी माहेरच्या सफरचंदाचे बी मागवून झाड लावले जाते. त्या झाडाचे पहिले फळ तिच्या हाती येते ते १८६२ साली, मृत्युशय्येवर. मोबर्ग येथे शोक आळवीत बसत नाहीत. ते एक फळ तेवढे दाखवतात, आणि वाचकाला दोघांचा हिशेब आपोआप कळतो.

आपणा दुभाषी प्रदेशातील वाचकांना या मालिकेतील भाषेचा धागा विशेष जाणवेल. वसाहतीतील स्वीडिश मंडळींच्या बोलण्यात इंग्रजी शब्द हळूहळू शिरतात. प्रथम अवजारांची नावे, मग व्यवहार, मग घर. इंग्रजी अनुवादात ही मिसळ बरीचशी दिसेनाशी होते, कारण इंग्रजीत इंग्रजी कशी उठून दिसणार? शेवटच्या भागात मुले स्वीडिश विसरलेली असतात. बापाच्या मरणाची वार्ता आत्याला कळवायची, तर पत्र शेजाऱ्याला लिहावे लागते. ज्या मुलांसाठी समुद्र ओलांडला, त्यांना बापाच्या भाषेत चार ओळी लिहिता येत नाहीत. यात मुलांचा दोष नाही, असे मोबर्ग मानतात, आणि ते योग्यच आहे.

मालिकेत उणिवा नाहीत असे नाही. सोन्याच्या मागे कॅलिफोर्नियाला निघालेला धाकटा भाऊ रॉबर्ट कवडीमोलाच्या नोटा घेऊन परततो. हा भाग करुण खरा, पण त्यात तात्पर्य आधी ठरवल्यासारखे वाटते. ही जमीन डाकोटा लोकांकडून घेतलेली होती आणि १८६२च्या त्यांच्या उठावानंतर अडतीस जणांना एकाच दिवशी फाशी दिले गेले, हे मोबर्ग लपवीत नाहीत. मात्र त्या लोकांतील एकही व्यक्तिरेखा कार्ल ऑस्करच्या तोडीने उभी राहत नाही. एकाची आशा दुसऱ्याच्या अंगणावर उभी होती, हे सत्य इतिहास म्हणून येते, अनुभव म्हणून नाही.

तरीही या कादंबऱ्या आवर्जून वाचाव्यात. आज आपल्यातील कितीतरी घरांत एखादे लेकरू परदेशी आहे. ते सुखात आहे का, हे आपण फोनवर विचारतो, आणि ते ‘हो’ म्हणते. ते खोटे बोलत नसते. कार्ल ऑस्करही तेच म्हणाला असता. म्हातारपणी अंथरुणाला खिळल्यावर तो आपल्या जुन्या गावाच्या नकाशावरून बोट फिरवीत असे. त्याला परत जायचे नव्हते. जाऊन चूक केली, असेही त्याला वाटत नव्हते. आशा पुरी होणे आणि उणीव उरणे, दोन्ही एकाच माणसात नांदू शकतात, हे या चार कादंबऱ्यांनी संयमाने दाखवले आहे.